न्यूझलॉक कसं खेळायचं: आधी वही, मग गेम

पोकेमॉनचा तोच जुना गेम पाचव्यांदा खेळायला घेतला की काय होतं ते सगळ्यांना माहितीय. चारमँडर घ्यायचा, सगळा एक्सपी (अनुभवाचे पॉइंट) त्यालाच पाजायचा, बाकीचे पाच नुसती खोगीरभरती, आणि शेवटी सत्तर लेव्हलचा चारिझार्ड घेऊन दिसेल त्याला भाजत सुटायचं. हरायची भीतीच नाही तर मजा कसली राव. कार्टून नेटवर्कवर बघून नाद लागलेली आमच्या साताऱ्यातली पोरं आता नोकरीला लागली, काहींची लग्नं झाली, तरी रात्री जेवण झालं की फायररेड (पोकेमॉनचाच एक गेम) उघडतातच. आणि त्यातल्या निम्म्यांना तरी मी न्यूझलॉकला लावलंय, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच ठेवावं, म्हणजे प्रत्येकाला पोवई नाक्यावर चहाच्या टपरीवर उभं राहून पहिल्यापासून सांगायला नको.

न्यूझलॉक म्हणजे गेममध्ये नसलेले नियम स्वतःच स्वतःवर लादून घेऊन खेळणं. २०१० मध्ये निक फ्रँको नावाचा एकजण पोकेमॉन रुबी खेळत होता, गेम फार सोपा वाटायला लागला म्हणून त्याने स्वतःवर कडक नियम घातले आणि खेळताना काय काय झालं त्याची कॉमिक्स काढून टाकली. त्या कॉमिक्समध्ये नझलीफ नावाचा पोकेमॉन होता, त्याला एका टीव्ही मालिकेतल्या लॉक नावाच्या पात्राचं तोंड लावलेलं, त्या दोघांचं मिळून झालं न्यूझलॉक. बास, एवढाच इतिहास.

आता हे समजायला आपल्याला गल्ली क्रिकेट पुरेसं आहे. एक टप्पा आउट, काकूंच्या अंगणात गेला तर आउट, भिंतीला डायरेक्ट लागला तर चार. हे सगळं टॉसच्या आधी ठरतं. नाही ठरलं तर ज्याची बॅट त्याचा नियम. न्यूझलॉकमध्ये गोची अशी की बॅट पण तुमची, बॅट्समन पण तुम्ही आणि अंपायर पण तुम्हीच. त्यामुळे आवडता पोकेमॉन मेला की माणूस लगेच वकील होतो, आणि स्वतःच्याच कोर्टात स्वतःची केस जिंकतो. म्हणून माझा एकच आग्रह आहे, गेम सुरू करायच्या आधी नियम वहीत लिहा. फोनमधल्या नोट्समध्ये नाही, वहीत, पेनाने. फोनमधलं खोडलेलं दिसत नाही, वहीतलं दिसतं.

गेम कुठला घ्यायचा

पहिल्यांदा करताय तर फायररेड किंवा लीफग्रीन घ्या, २००४ चे गेम. रस्ता साधारण सरळ आहे, जागा भरपूर आहेत आणि कुठल्या जिम लीडरकडे (म्हणजे गावोगावच्या बॉसकडे) काय आहे ते सगळं सहज सापडतं. दुसऱ्यांदा करायचं झालं तर एमराल्ड. मूळ १९९६ चे गेम नॉस्टॅल्जिया म्हणून ठीक, पण त्यात क्रिटिकल हिट (मधूनच बसणारा जोरदार फटका) पोकेमॉनच्या स्पीडवर ठरतो आणि बाकी पण इतक्या भानगडी आहेत की आपण का मेलो हेच कळत नाही. लेट्स गो वाल्यांमध्ये जंगली पोकेमॉनशी लढाईच नाही, नुसता बॉल फेकायचा, ते सोडा. स्कार्लेट व्हायलेटमध्ये प्राणी आधीच समोर हिंडताना दिसतात, म्हणजे पहिला कोण भेटला हे आपणच ठरवल्यासारखं होतं, आणि वर सेट मोड काढून टाकलाय (तो काय ते पुढे येईल).

आणि एक, जो गेम कधीच पूर्ण केला नाही त्याचं न्यूझलॉक करू नका. पुढच्या वळणावर काय आहे हे माहीत नसताना मेलेला पोकेमॉन फुकट गेल्यासारखा वाटतो.

तीन मूळ नियम

पहिला. प्रत्येक जागेत जो पहिला जंगली पोकेमॉन भेटेल तोच फक्त पकडायचा. तो पळाला, चुकून मारला, बॉल संपले, तर त्या जागेतून तुम्हाला काहीही मिळणार नाही. हे असं समजा की साताऱ्याहून मेढ्यावरून महाबळेश्वरला एसटी निघालीय आणि प्रत्येक थांब्यावर एकच माणूस चढवायचा, जो पहिला हात करेल तो, मग तो कंडक्टरशी सुट्ट्या पैशावरून भांडणारा का असेना. जागा म्हणजे काय, तर आत शिरल्यावर स्क्रीनवर जे नाव येतं ते. माउंट मूनला तीन मजले आहेत पण नाव एक, म्हणून थांबा एक. आणि मोजायला सुरुवात कधी करायची, तर ओकसरांचं पार्सल पोचवल्यावर ते पाच बॉल देतात, तिथून. त्याच्या आधी गवतात जे भेटले ते धरायचे नाहीत, बॉलच नसताना एन्काउंटर (जंगली पोकेमॉनशी पडलेली गाठ) धरणं हा अन्याय आहे.

दुसरा. एचपी (म्हणजे अंगातला जीव) शून्य झाला म्हणजे मेला. बेशुद्ध वगैरे काही नाही. पोकेमॉन सेंटरात नेऊन उठवायचा नाही, रिव्हाइव्ह (उठवायचं औषध) वापरायचा नाही. त्याला पीसीतल्या एका बॉक्समध्ये टाकायचा आणि तिथून परत काढायचा नाही. चौदा बॉक्स असतात, मी शेवटचा ठेवतो आणि त्याचं नाव माहुली देतो. सातारकरांना वेगळं सांगायला नको, बाकीच्यांसाठी म्हणून सांगतो, आमचं स्मशान तिथे आहे. बॉक्सच्या नावाला आठ अक्षरं मिळतात, रोमन लिपीत माहुली आरामात बसतं.

तिसरा. प्रत्येकाला नाव द्यायचं. नवीन लोकांना हा नियम चिल्लर वाटतो आणि तोच सगळ्यात जास्त लागतो. रॅटाटा मेला तर कोणी रडत नाही, पण नाव दिलेला मेला की घास उतरत नाही. दहा अक्षरांत बसवायचं. माझ्याकडे आत्तापर्यंत बल्बासॉर वांगं होता (कृष्णाकाठचं), जिओड्यूड ढेकूळ, मँकी तात्या, झूबॅट पाकोळी. फक्त घरातल्या जिवंत माणसांची नावं देऊ नका. माझ्या आतेभावाचं नाव पिंट्या, मी लाडाने एका रॅटाटाला दिलं, आणि एकदा सुट्टीत आत्याकडे असताना रूट ३ वर तो गेला आणि मी सोफ्यावरून ओरडलो, "पिंट्या गेला रे!" आत्या हातात लाटणं घेऊन स्वयंपाकघरातून पळत बाहेर आली. पिंट्या बाहेर गाडी पुसत होता. त्या दिवशी मला पोळ्या मोजून मिळाल्या.

पोटनियम, म्हणजे खरी भांडणं

तीन नियम कुणीही पाठ करेल, घोळ होतो तो मधल्या फटींमध्ये. हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर पाहिजे.

डुप्लिकेट. जो प्रकार आधीच आपल्याकडे आहे तोच परत पहिला भेटला तर तो मोजायचा नाही, दुसरा भेटेपर्यंत फिरायचं. हे ठेवाच, नाहीतर गुहेगुहेत झूबॅट भेटून सहाच्या सहा पाकोळ्या होतील. त्याची इव्होल्यूशन पण त्याच घराण्यात धरा.

शायनी. वेगळ्या रंगाचा दिसला तर कुठेही पकडायचा. फायररेडमध्ये ८१९२ मध्ये एक असा चान्स असतो, एवढं नशीब चालून आलं तर नियम बाजूला. पकडून टीममध्ये घ्यायचा की नुसता शोभेला ठेवायचा हे मात्र आधी लिहा.

फुकटात मिळणारे. सेलाडॉनला इव्ही मिळतो, सिल्फ कंपनीत लॅप्रस मिळतो, माउंट मूनच्या अलीकडे पाचशे रुपड्यांना मॅगीकार्प विकणारा बसलेला असतो. मी म्हणतो नवख्यांनी सगळे घ्यावेत. काहीजण भेट म्हणजे त्या गावाचा एन्काउंटर असं धरतात, तेही चालतं.

लॅव्हेंडरचा टॉवर. सिल्फ स्कोप मिळेपर्यंत तिथली भुतं ओळखूच येत नाहीत, पकडता तर येतच नाहीत, म्हणून स्कोप आल्यावरच पहिला मोजा.

सफारी झोन. चार भाग आहेत, एक धरायचा का चार हे ठरवा. मी एकच धरतो, पण मला माहितीय की मी जरा खडूस आहे.

स्टार्टर. आवडता घेतला तर परत तेच रडगाणं. ट्रेनर कार्डवर आयडी नंबर असतो, त्याचा शेवटचा आकडा बघा: १ ते ३ गवतवाला, ४ ते ६ आगवाला, ७ ते ९ पाणीवाला, आणि शून्य आला तर मर्जी तुमची.

आता फट राहिली की काय होतं ते सांगतो. माझं पहिलंच न्यूझलॉक, चिमी नावाची पिजी, लेव्हल ७. व्हिरिडियन फॉरेस्टमध्ये एका वीडलने नांगी मारली आणि तिला विष चढलं. अँटिडोट शंभराला मिळतो, मी घेतला नव्हता, सगळे पैसे बॉलवर उडवलेले. या जुन्या गेममध्ये चालताना पण विष लागत राहतं, दर काही पावलांना एक एचपी जातो आणि स्क्रीन थरथरते. चिमीकडे नऊ एचपी उरलेला. मी जंगलाच्या तोंडाशी थांबलो आणि प्यूटरच्या पोकेमॉन सेंटरपर्यंतचे चौकोन बोटाने स्क्रीनवर मोजायला लागलो, पुढचा भाग दिसत नव्हता तो आठवून मोजला. निघालो. थरथर, आठ. थरथर, सात. गावात शिरलो तेव्हा तीन होते, सेंटरचं लाल छप्पर दिसत होतं, आणि मी घाईत एका झाडाच्या चुकीच्या बाजूने वळलो. दाराच्या दोन पावलं अलीकडे चिमी गेली.

मग वकिली सुरू. लढाईत थोडीच मेली, रस्त्यात मेली, हे काय मरण झालं का, नियम लढाईचा आहे वगैरे. शेजारी बारक्या चुलतभाऊ बसलेला, सहावीतला, तो टीव्हीवरची नजर न काढता म्हणाला, "दादा, लिहिलंय का कुठं तसं?" लिहिलं नव्हतं. मी चिमीला उठवलं, पुढे पहिल्या जिम लीडरला, ब्रॉकला, हरवला पण, आणि दोन दिवसांनी तो रन (म्हणजे तो डाव) सोडून दिला कारण प्रत्येक वेळी तिला पाठवताना तो कार्टा आठवायचा. दुसऱ्या दिवशी मोती चौकातून पेढे आणायला गेलो तेव्हाच एक लाँगबुक घेतलं. पहिल्या पानावर पहिली ओळ आहे: विषाने मेला तरी मेलाच.

सेटिंग आणि लेव्हल कॅप

ऑप्शन्समध्ये बॅटल स्टाइल शिफ्ट असते ती सेट करा. शिफ्टमध्ये समोरच्याचा एक पडला की पुढचा कोण येतोय ते सांगून तुम्हाला फुकटात बदलायची संधी देतात. सेटमध्ये ती मिळत नाही, बदलायचं तर एक मार खाऊन बदला. गेम खरा कसा आहे ते इथे कळतं.

लेव्हल कॅप म्हणजे पुढच्या जिम लीडरचा जो सगळ्यात मोठा पोकेमॉन आहे त्याच्या लेव्हलच्या वर तुमचा एकही जाता कामा नये. हे नसेल तर माणूस गवतात तीन तास ग्राइंडिंग करतो आणि ब्रॉकसमोर लेव्हल २५ चा घेऊन उभा राहतो, मग नियम पाळून उपयोग काय. फायररेडचे आकडे वहीत उतरवून घ्या: ब्रॉक १४, मिस्टी २१, सर्ज २४, एरिका २९, कोगा ४३, सब्रिना ४३, ब्लेन ४७, जिओव्हानी ५०, आणि शेवटी चॅम्पियनचा सगळ्यात मोठा ६३. एरिका ते कोगा केवढी उडी आहे बघा, तिथे मध्ये पोरं कंटाळतात, तिथेच टिकायचं.

लढाईत औषधं वापरायची नाहीत हा पण एक कडक नियम आहे, पहिल्या खेपेला नका घेऊ. सेव्ह स्टेट (पाहिजे त्या क्षणाला सेव्ह करून परत मागे जायची सोय) मात्र पहिल्या दिवसापासून बंद, ते चालू ठेवलं तर वही जाळून टाका. स्पीड वाढवून खेळत असाल तर ती चालताना वापरा, लढाई सुरू झाली की नॉर्मलवर या. मी एकदा चौपट स्पीडमध्ये ए बटण दाबत बसलो आणि कोण कधी मेलं ते पण दिसलं नाही, एकदम पुढचा पोकेमॉन बाहेर.

पहिले दोन तास

बॉल मिळाल्यावर रूट १ वर पिजी किंवा रॅटाटा मिळतो, काय मिळेल ते घ्या. मग लगेच वर जंगलात जाऊ नका, व्हिरिडियनच्या डावीकडे रूट २२ आहे तिथे जा, तिथे मँकी मिळू शकतो. ब्रॉककडे दगडवाले आहेत, जिओड्यूड १२ आणि ऑनिक्स १४, आणि तात्याची लो किक दगडाला बरोबर लागते. आयडीच्या आकड्याने चारमँडर गळ्यात पडला असेल तर तात्या नसताना सुद्धा धीर धरा, १३ लेव्हलला तो मेटल क्लॉ शिकतो आणि कॅप १४ चा, म्हणजे जेमतेम बसतं. पण त्या रूट २२ वर गॅरी (आपला प्रतिस्पर्धी) पण उभा असतो हे विसरू नका, तयारी नसेल तर त्याच्या वाटेत न जाता गवतातून परत फिरा. दुकानातून बॉल घेताना अँटिडोट पण घ्या. दोन घ्या.

मिस्टीची स्टारमी ही नवख्यांची पहिली स्मशानयात्रा. लेव्हल २१, वेगवान, वॉटर पल्स मारते त्याने गोंधळून आपलाच पोकेमॉन स्वतःला मारून घेतो, आणि जरा मार बसला की रिकव्हर करून ताजी. इथे एक हिशोब कायमचा शिकून घ्या. या गेममध्ये साधारण सोळात एक फटका क्रिटिकल बसतो आणि तो दुप्पट लागतो. म्हणजे समोरच्याचा फटका पंधराचा असेल तर तुमच्या डोक्यात तो कायम तीसचा पाहिजे. एचपी एकतीस असेल तर थांबा, तीस असेल तर बदला. "एवढ्यात कुठे क्रिट लागतोय" हे वाक्य माझ्या माहुलीतल्या निम्म्या लोकांच्या कपाळावर लिहिलेलं आहे.

पुढची एकच धोक्याची सूचना देतो, स्वतःला उडवून घेणाऱ्यांची. कोगाचे कोफिंग सेल्फ डिस्ट्रक्ट करतात आणि तो भल्याभल्यांना एका फटक्यात घेऊन जातो. लॅव्हेंडरमधून गॅस्टली धरला असेल तर त्याला पुढे करा, भुताला तो स्फोट लागतच नाही. पॉवर प्लांटमध्ये जमिनीवर बॉल पडलेला दिसला की लगेच उचलायला धावू नका, काही बॉल म्हणजे स्वतःला उडवून घेणारे इलेक्ट्रोडच असतात.

बाकी रोजच्या सवयी म्हणजे सगळ्यात नाजूक पोकेमॉन पुढे ठेवून गवतात शिरायचं नाही, गुहेत रिपेल (जंगली पोकेमॉनना लांब ठेवणारा स्प्रे) मारायचा, आणि झोप आलेली असताना जिम करायचं नाही. हे शेवटचं गंमत म्हणून लिहिलेलं नाही.

वही कशी भरायची

पाच रकाने: जागा, कोण भेटला, नाव, कुठे गेला, कसा गेला. शेवटचा रकाना खरं लिहा. "नशीब खराब" असं लिहिलं तर पुढच्या वेळी परत तसाच मराल, "एचपी २२ असताना लोभ केला" असं लिहिलं तर जरा लाज राहते. माझ्या तिसऱ्या रनच्या पानावर सलग चार ओळींत लोभ हा शब्द आहे.

आणि हे पण आधीच ठरवा की लढाईत सहाच्या सहा गेले तर काय. बॉक्समध्ये अजून जिवंत असतील तर त्यांना घेऊन पुढे जायचं का तिथेच खेळ खल्लास. कडक लोक खल्लास म्हणतात. नवीन माणसाला मी म्हणतो बॉक्समधल्यांना घेऊन एकदा पुढे जा, कारण ज्या बीड्रिलकडे तुम्ही आयुष्यात ढुंकून पाहिलं नसतं तो तुम्हाला दोन जिम काढून देतो आणि मग तो तुमचा होतो, हे एकदा अनुभवल्याशिवाय न्यूझलॉकचं वेड कळत नाही लका.

एकदा झाल्यावर

प्रकार ढीगभर आहेत. एकाच टाइपचे पोकेमॉन घेऊन खेळणं, एकच पोकेमॉन घेऊन खेळणं, किंवा रँडमायझर लावून कुठे काय भेटेल याचा भरवसाच काढून टाकणं (रूट १ वर पिजीच्या जागी ड्रॅगोनाईट येऊ शकतो, आणि तो तुम्हाला खाऊ पण शकतो). पण मला विचाराल तर सोल लिंक. दोघांनी आपापला गेम खेळायचा, एका जागेत तुला जो मिळाला आणि मला जो मिळाला त्या दोघांची जोडी. एक मेला की दुसरा पण मेला, तो कितीही धडधाकट असू दे. दोन्ही वह्या सारख्या भरायच्या.

मी हे कराडच्या मामेभावाबरोबर खेळतोय, शनिवार रविवार, फोन स्पीकरवर टाकून. लाइट गेली की त्याच्याकडे इन्व्हर्टर नाही म्हणून थांबावं लागतं, तो पण एक नियम लिहून ठेवलाय. मागच्या शनिवारी मी झोपायच्या तयारीत होतो, सब्रिना दोघांचीही बाकी होती आणि एकट्याने जिम करायचं नाही असं ठरलेलं. अकरा वाजता त्याचा फोन आला. उचलला तर नुसता पंख्याचा आवाज. मी म्हटलं काय रे. तर जरा वेळाने म्हणतो, "दादा, रॉक टनेलच्या ओळीत तुझ्याकडे कोण लिहिलंय बघ ना."

मी वही शोधायला उठलो.